पंपाचा दांडा

पोट बिघडलेल्या माणसाने मऊ भात खाऊन पडून राहावं, असं आमची आई सांगायची. मी उठून संशोधन केलं. त्याचा हा वृत्तान्त.

आधी माझी पात्रता. 1979 साली मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, दुसऱ्या वर्गात. मग एकतीस वर्षं बँकेत पीककर्जाच्या फायली पाहिल्या. त्यात रसायनशास्त्राचा संबंध एवढाच, की युरियासाठी दिलेल्या कर्जाची मोटारसायकल कशी होते हे मला जवळून बघता आलं. निवृत्तीनंतर कोथरूडमध्ये माणसापुढे तीन वाटा असतात : सकाळी टेकडी, संध्याकाळी नाट्यगृह, नाहीतर सोसायटीची कमिटी. टेकडीला गुडघ्यांनी नकार दिला, नाटकाच्या तिकिटांना पेन्शनने, आणि कमिटीवर मला कोणी घेतलं नाही. उरलं वाचन.

वाचनालयातून साथींच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात जॉन स्नो भेटला आणि घात झाला.

साल 1854. लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती. कॉलरा दुर्गंधीतून, खराब हवेतून पसरतो, असं तेव्हाच्या बहुतेक शहाण्यांचं मत. स्नो म्हणाला, पाण्यातून. नुसतं म्हणून थांबला नाही. घरोघर हिंडला, कोणत्या घरात किती गेले ते विचारलं, आणि प्रत्येक मृत्यूची एक काळी रेघ नकाशावर मारली. रेघांची गर्दी झाली ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाभोवती. 8 सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. झालं, इतिहास! साथ तोवर बरीचशी ओसरली होती हे पुस्तकात पुढे लिहिलं होतं, पण असल्या ओळी वाचकाने वाचायच्या नसतात. स्नो स्वतः नाणावलेला डॉक्टर होता, हेही मी नजरेआड केलं. मला दिसलं ते इतकंच : डिग्री नको, अनुदान नको, सरकारी शिक्का नको. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन खोदून खोदून चौकश्या करायच्या आणि शेवटी सर्वांदेखत पाणी बंद करायचं. कोथरूडमध्ये हे काम माझ्यासारखे बरेच जण विज्ञानाशिवायही करत असतात.

त्यात ते वर्ष 2025. जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली, काही गेली. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा पोटात शिरणारा जंतू सापडला, आणि सगळ्यांचं लक्ष विहिरी, टँकर आणि नळांकडे गेलं. ती थट्टेची गोष्ट नव्हती आणि नाही. पण त्या दोन महिन्यांत पुण्यातला प्रत्येक माणूस क्लोरीनवर बोलायला शिकला. ज्यांना कालपर्यंत आपलं पाणी कुठून येतं ते ठाऊक नव्हतं, ते नाक्यावर वारजे जलकेंद्राचा उच्चार आजोळासारखा करू लागले. मी तर आयडियल कॉलनी ते आनंदनगर या मेट्रो प्रवासात एका अनोळखी गृहस्थांना नानासाहेब पेशव्यांची कात्रजची नळयोजना समजावून सांगितली : तलावात गाळ बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी बंदिस्त मार्गाने शहरातल्या हौदांत आणायचं. त्यांना वनाजला जायचं होतं. ते आनंदनगरलाच उतरले.

अशी जमीन नांगरून तयार होती. पेरणी 1 मे रोजी झाली.

महाराष्ट्र दिनाला आमच्या सोसायटीत झेंडावंदन असतं आणि नंतर पन्हं. त्या वर्षी पन्ह्याचं काम मी मागून घेतलं. कमिटी नाही तर नाही, पन्हं तरी. बायकोने कैऱ्या उकडल्या, गर काढला, वेलदोडा कुटला, केशर भिजवलं. माझ्याकडे फक्त बर्फ होता. "फ्रीजमधला पुरेल, शेजारच्यांकडूनही ट्रे आणू," ती म्हणाली. पण वीस लिटरच्या पातेल्यात फ्रीजचे खडे म्हणजे पेन्शनीतला महागाई भत्ता. मी सकाळी सातला स्कूटरवरून पौड रस्त्याच्या बाजूला गेलो. तिथे एक टेम्पो उभा होता, गोणपाटाखाली भुशात लाद्या. विक्रेत्याने टोच्याने अर्धी लादी तोडली आणि विचारलं, "कशाला पाहिजे?"

"थंड करायला," मी म्हणालो. या उत्तरात खोटं काही नव्हतं.

घरी येऊन लादी धुतली आणि बायकोला हाक मारली. "बघ, काय नितळ आहे! आत निळसर झाक बघ. हिमालयातल्या बर्फासारखी." तिने बघितलं. काही बोलली नाही, पण बघितलं. हे लक्षात ठेवा.

पन्हं उत्तम झालं. रंग दरवर्षीपेक्षा किंचित हिरवट आला. तो मी कैरीच्या खात्यावर टाकला. चेअरमनांनी हुतात्म्यांचं स्मरण केलं, मुलांनी गाणं म्हटलं, आणि मी डावाने ग्लास भरत राहिलो. स्वतः तीन ग्लास घेतले. बायकोने एक बाटली भरून चिंचवडला तिच्या बहिणीकडे पाठवली. तिला स्वतःला गोड बंद आहे, त्यामुळे तिने घेतलं नाही.

रात्री अडीचला माझ्या पोटाने मला उठवलं. पुढचा तपशील वाचकांनी आपापल्या अनुभवातून भरावा. चारच्या सुमाराला मी बाथरूममध्ये भिंतीला डोकं टेकून बसलो होतो. तेव्हा डक्टमधून वरचा फ्लश ऐकू आला. मग खालचा. मग त्याच्याही खालचा. एरवी आमच्या इमारतीत रात्री पाण्याचा आवाज येतो तो दूधवाल्याच्या आधी उठणाऱ्या 102 च्या आजोबांचा, एकदाच. त्या रात्री मी पन्नास मिनिटांत अकरा मोजले. अंगात त्राण नव्हतं, पण छाती भरून आली. ही साथ होती. आणि मी तिच्या अगदी मध्यभागी, सगळ्यात चांगल्या जागी बसलो होतो.

सकाळी बायकोने मीठ-साखर-पाणी हातात दिलं. मी तिला म्हणालो, "1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पिंपांतून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं." ती म्हणाली, "त्या लोकांनी ते प्यायलं असेल. तुम्ही हातात धरून बोलताय."

दुपारपर्यंत उभं राहता येऊ लागल्यावर मी प्रश्नावली तयार केली. आजाराची तीव्रता मोजल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. त्यासाठी ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला एक सचित्र तक्ता आहे. माणसाच्या शौचाचे त्यात सात प्रकार आहेत, एक म्हणजे सुट्या गोळ्या आणि सात म्हणजे नुसतं पाणी. मी तो कर्वे पुतळ्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत छापायला दिला. त्याने पान उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "लॅमिनेशन?"

मी हो म्हणालो. अठ्ठावीस दारं फिरायची होती.

एक सांगतो : माणूस आपल्या मुलाचा पगार सांगेल, पण या तक्त्यावर बोट ठेवणार नाही. 201 च्या काकूंनी चष्मा लावला, चित्रं बघितली, मला वाटलं बोट पुढे येतंय, आणि त्या म्हणाल्या, "हे तुम्ही काढलंत?" 403 ने दाराच्या फटीतून सांगितलं की ते पिठलं आणि कढी यांच्या मधोमध आहेत, मी सहा लिहून घेतलं. 102 च्या आजोबांनी मात्र मला आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि 1968 पासूनचा इतिहास सांगितला. त्यांना या साथीत काहीच झालं नव्हतं, पण ऐकून घेणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता.

संध्याकाळी इमारतीच्या नकाशावर मी रेघा मारल्या. आता खरी गंमत बघा. स्नोला त्याचा सिद्धान्त पक्का करून देणारे दोन पुरावे फार प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे पंपाला लागूनच एक बिअरचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना काही झालं नाही, कारण ते बिअर प्यायचे. दुसरा म्हणजे दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिला त्या पंपाचंच पाणी आवडायचं म्हणून ती ते रोज मागवून घ्यायची. जे जवळ असून वाचले आणि जी लांब असून सापडली, त्यांच्यातच उत्तर होतं.

मला हे दोन्ही पुरावे परमेश्वराने घरपोच दिले. 601 मध्ये आयटीतली चार मुलं राहतात. फिल्टर नाही, उकळणं नाही, तोंड थेट नळाला. चौघेही ठणठणीत. "1 मे ला कुठे होतात?" मी विचारलं. "झोपलो होतो काका, दोनपर्यंत." मी त्यांच्यापुढे लिहिलं : तरुण, प्रतिकारशक्ती उत्तम. आणि रात्री चिंचवडहून मेहुणीचा फोन आला, दोघांची पोटं बिघडलीत. चिंचवडला पाणी पवनेचं, आमचं खडकवासल्याचं. दोन नद्या, दोन शहरं, दोन महापालिका. मी लिहिलं : योगायोग.

कारण मला टाकी हवी होती.

3 मे च्या सकाळी मी गच्चीवर गेलो. बरोबर एक लहान बाटली होती, जीबीएसच्या काळात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणून ठेवलेली. पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का हे बघण्याची ही सोपी पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली, आणि खेडोपाडी तिचा फार उपयोग झाला. बाटलीत रसायन लावलेली पट्टी असते. पाणी भरायचं, उबेत ठेवायचं. जंतू असले तर ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, पट्टीतल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन पाणी काळं पडतं. यातलं रसायनशास्त्र मला शेहेचाळीस वर्षांनीही समजलं. बाकीचं कागदावर बारीक अक्षरात होतं आणि चष्मा खाली राहिला होता.

टाकीचं झाकण सरकवलं. पाणी बरंच खाली होतं. मी पालथा पडलो, बाही दुमडली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून बाटली बुडवली. बूच सुटून पाण्यात पडलं, तेही चाचपडून काढलं.

खाली आल्यावर उबेचा प्रश्न. विरजण लावायच्या कपाटात बाटली ठेवली, तर पाचव्या मिनिटाला ती बाहेर आली, मागोमाग बायको. "माझ्या दह्याशेजारी टाकीतली घाण?" शेवटी मी ती माझ्या कानटोपीत गुंडाळून लोकरीच्या कप्प्यात ठेवली. मे महिन्यात. घरात तेव्हा सदतीस अंश होते.

4 मे, रविवार, पहाटे साडेचार. कानटोपी उलगडली. बाटली काळीकुट्ट, कोकमाच्या आगळासारखी. माझे हात थरथरत होते. अशक्तपणा होताच, पण तो क्षणही तसा होता. मी कुणालाही उठवलं नाही. पाना घेतला, गच्चीवर गेलो आणि टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. मग मनात आलं, कोणी पुन्हा उघडला तर? स्नोने दांडा काढायला लावला होता. मी व्हॉल्व्हच्या चाकाचा नट सोडवला आणि ते लाल बिडाचं चाक पिशवीत घालून खाली आलो. जिन्यात सूचना लावली : "सावधान! टाकीचं पाणी दूषित आहे. जनहितार्थ बंद. – 304."

सहा वाजले. सव्वासहा वाजले. आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी मी घेतली नव्हती. लंडनच्या लोकांकडे फ्लश नव्हता, निदान त्या पंपावर चालणारा तरी नव्हता. आमच्या इमारतीत सव्वीस-सत्तावीस माणसं ब्रिस्टल तक्त्याच्या सहा आणि सात या प्रकारांत होती. आणि पाणी नव्हतं.

डक्टमधून आधी नळ फुरफुरल्याचे आवाज आले. मग हाका. मग मी आजवर फक्त विधानसभेच्या बातम्यांत ऐकलेले शब्द. 402 म्हणजे आमचे सेक्रेटरी. ते अंगभर साबण लावून उभे होते, असं नंतर त्यांनी सर्वांना तीनतीनदा सांगितलं. साडेसहाला माझ्याही पोटात कळ आली. मी धावलो. बादली रिकामी होती. बाहेरून बायकोचा शांत आवाज आला, "जनहितार्थ बंद आहे."

सातला पार्किंगमध्ये सभा भरली. कोणी टॉवेलवर, कोणी गाऊनवर, 102 चे आजोबा खुर्ची घेऊन. मी चाक आणि काळी बाटली दोन्ही घेऊन उतरलो. बाटली उंच धरली. "हा पुरावा!" लोक खरंच मागे सरकले. मी स्नो सांगितला, ब्रॉड स्ट्रीट सांगितला, 8 सप्टेंबर सांगितला. त्या दोन मिनिटांत माझी कमिटीवर बिनविरोध निवड झाली असती.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची मुलगी पुढे आली. ती डॉक्टर आहे. सध्या पीएसएममध्ये एमडी करते, म्हणजे साथी शोधणं हाच तिचा अभ्यास. रात्रपाळी करून नुकतीच आली होती, पाठीवर सॅक तशीच. तिने बाटली हातात घेतली, प्रकाशात धरली आणि अत्यंत आदराने विचारलं, "काका, सॅम्पल कसं घेतलंत?"

मी सगळं सांगितलं. पालथं पडणं, बाही, बूच.

"तोटीचं पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं असतं. तोटी आधी तापवून घ्यायची. बाटलीच्या तोंडाला, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही." ती क्षणभर थांबली. "काका, तुम्हाला स्वतःला तेव्हा जुलाब होत होते ना?"

पार्किंगमध्ये एवढी शांतता मी झेंडावंदनालाही अनुभवली नव्हती.

"म्हणजे ही टाकीची तपासणी नाही झाली," ती म्हणाली, "तुमच्या हाताची झाली."

तिने सॅकमधून छोटा संच काढला, खाली साठवणीच्या टाकीच्या तोटीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. "बघा, बघा!" मी ओरडलो. "काका, पिवळं म्हणजे क्लोरीन आहे. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी असावा लागतो, इथे अर्ध्याच्या वर दिसतोय. पाणी चांगलंय." मग वर बघून ती म्हणाली, "होतं. वरची टाकी आता धुवून घ्यावी लागेल."

त्यानंतर तिने माझीच सूचना भिंतीवरून काढली, पाठीमागे दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारल्या आणि लोकांना एकच प्रश्न विचारत गेली. तक्ता नाही, चित्रं नाहीत. "पन्हं घेतलं होतं?" दहा मिनिटांत चौकट भरली. पन्हं घेतलेले एक्केचाळीस, त्यांतले आजारी सव्वीस. न घेतलेले तेहेतीस, त्यांतला आजारी एक. आणि तो एक म्हणजे सेक्रेटरींचे मेहुणे, जे लग्नाला गेले होते. टाकीचं पाणी चौऱ्याहत्तरही जण पीत होते. 601 ची चार मुलं 'न घेतलेल्या'त बसली. कोणीतरी चिंचवडची बाटली आठवून दिली. ते कोणीतरी म्हणजे माझी बायको.

"पन्ह्यात काय काय होतं काकू?"

"कैरी उकडलेली, गर शिजवलेला, पाणी गाळून उकळून गार केलेलं. बर्फ यांनी आणला." मग जरा थांबून, "निळा होता. हे म्हणाले, बघ कसा हिमालयासारखा."

त्या मुलीने डोळे मिटले. 2018 पासून महाराष्ट्रात जो बर्फ खाण्यासाठी नसतो, मासळी-माल थंड ठेवण्यासाठी असतो, त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. लोकांनी तो चुकून पोटात घालू नये म्हणून. म्हणजे सरकारने सावधगिरी म्हणून जो रंग घातला, त्याचं मी कौतुक केलं होतं. टेम्पोवाल्याने तर विचारलंही होतं, कशाला पाहिजे म्हणून.

चाक परत बसेना. पानाच चुकीचा वापरल्याने आटे गेले होते. रविवारी प्लंबर मिळाला तो दुपारी एकला. टँकर, प्लंबर, नवा व्हॉल्व्ह आणि टाकीची धुलाई यांचं बिल सेक्रेटरींनी माझ्या देखभाल शुल्कात 'संशोधन खर्च' या नावाने लावलं. पावती मी जपून ठेवली आहे. आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव संशोधनविषयक कागदपत्र आहे.

आठवड्याने पोटाला आणि मनाला बरं वाटल्यावर पुस्तक पुढे वाचायला घेतलं. स्नोच्या नंतर काही प्रकरणांनी मेरी मॅलन येते. 1906 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या एका बंगल्यात अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. घरमालकांना वाटलं पाणी खराब. तपासाला बोलावला तो जॉर्ज सोपर, डॉक्टर नव्हे, पाणी आणि सांडपाण्याचा इंजिनिअर. पाणी, नळ, शिंपले सगळं पाहून झाल्यावर त्याला एक स्वयंपाकीण सापडली. ती जिथे जिथे कामाला लागली, तिथे बहुतेक ठिकाणी टायफॉइड झाला. तिची खासियत होती पीच घातलेलं आइस्क्रीम. सोपर चौकशीला गेला तेव्हा ती हातात मोठा काटा घेऊन त्याच्या अंगावर धावली, कारण स्वतः धडधाकट असल्यामुळे आपण कोणाला आजारी पाडू, हे तिला पटेचना.

मी पुस्तक मिटलं आणि वाचनालयात मुदतीच्या चार दिवस आधी परत केलं.

15 ऑगस्टला सोसायटीत कोकम सरबत होतं. बोर्डावरची सूचना अशी : "बर्फ कमिटी आणील. सभासदांनी ग्लास आणावेत. 304 यांनी ग्लासही आणू नये." मी गेलो, हात मागे बांधून उभा राहिलो. ग्लास त्या डॉक्टर मुलीने दिला.

व्हॉल्व्हचं जुनं चाक माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. लाल रंगाचं, बिडाचं, चांगल्या स्थितीत. कोणाला हवं असल्यास घेऊन जावं. सकाळी दहा ते बारा. चहा मिळेल; बायको करते.